सुट्या पानावरचा शिपाई

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मला शिपायाचं काम मिळालं ते प्लायवूडमुळे. नेपथ्याचं सगळं सामान माझ्या वर्कशॉपमधून फुकट जाणार होतं, आणि फुकट मी अबुधाबीच्या सख्ख्या मेव्हण्यालाही काही देत नाही. दिग्दर्शक म्हणाले, "शेठ, रोल छोटा आहे, पण महत्त्वाचा." तालमीत कळलं, तीन वाक्यं आणि एक गोळी.

नाटक इंग्रजी, चारशे वर्षांहून जुनं. पॅरिसमध्ये एका पंथाच्या लोकांनी दुसऱ्या पंथाच्या लोकांची कत्तल केली, त्यावरचं. स्टेजवर धर्माचं नाव काढायला कमिटी तयार नव्हती, म्हणून मराठीत निळे आणि पिवळे असे दोन गट केले. पिवळ्यांना माझ्याच साइटवरची चमकणारी जॅकेटं दिली. कत्तल सुरू झाली की बस चुकलेले कामगार धावतायत असं वाटायचं.

दिग्दर्शक जुमेरा लेक टॉवर्सच्या एका ऑफिसात मॅनेजर. कत्तल घडवणाऱ्या सरदाराचं मोठं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सरदाराच्या बायकोचा एक प्रियकर असतो. सरदार मला पाठवतो, मी त्याला गोळी घालतो, मग सरदार येऊन प्रेताजवळ बढाया मारतो. प्रियकर झाला होता वसईचा एक जण, हॉटेलात रिसेप्शनला असणारा.

मी घरी चरफडत होतो, तेव्हा इंग्रजी साहित्य शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, देअर इज अ लाँगर व्हर्शन." मग मी तिला सोडलंच नाही. नाटकाची जुनी छापील प्रत म्हणे फार तोकडी आहे. बहुधा नटांनी आठवून आठवून जुळवलेली. हे मला लगेच पटलं. आमच्या नटांच्या आठवणीतून नाटक जुळवलं तर चहाची वेळ तेवढी छापली जाईल. पण या एकाच प्रसंगाचं हाताने लिहिलेलं एक सुटं पान नंतर सापडलं, आणि त्यावर शिपाई चांगला पोटभर बोलतो. तेही कसं? प्रियकराला तो भाडं, जागा, बाजार या भाषेत झापतो. माझंच बोलणं ते. मुलीने अर्थ सांगितला, मराठी मी केलं, आणि आता हे भाषण केल्याशिवाय राहायचं नाही असं ठरवलं.

दिग्दर्शक तयारीत होते. ते पान पुढे आणणारा विद्वान बनावट कागदांसाठी बदनाम होता, म्हणाले. मी म्हटलं, चोराकडचं सोनं पितळ होत नाही, आणि आज बऱ्याच अभ्यासकांना ते पान अस्सल वाटतं. मग त्यांनी इतिहास काढला. नाटकात ज्याचं नाव प्रियकराला दिलंय तो खरा माणूस द्वंद्वात मेला; सरदाराच्या माणसांनी मारला तो दुसराच. नाटककाराने दोघांची खिचडी केली. म्हणजे शिपायाला मुळात आधारच नाही.

"मग सरदाराच्या बढाईला कुठला आधार?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी ते पान पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. खाली सरदाराचं भाषणही वाढलेलं होतं. चेहरा एकदम अभ्यासू झाला. पुढच्या तालमीला निकाल आला: सरदाराचा भाग अस्सल वाटतो, शिपायाचा संशयास्पद.

"एकाच पानाचं वरचं अंग खोटं आणि खालचं खरं?" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण वॉचमन डोकावून गेला.

"खलास, शेठ. विषय संपला."

प्लायवूड परत नेलं असतं, पण त्यावर राजवाडा रंगवून झाला होता. अशा वेळी आपल्या हातात काय उरलंय ते बघायचं. माझ्या हातात बंदूक होती. मी गोळी घातल्याशिवाय सरदाराला एंट्री नव्हती.

प्रयोगाला मेव्हणा सहकुटुंब आला होता. मी बंदूक रोखली आणि सुट्या पानावरचं भाषण पहिल्या शब्दापासून सुरू केलं. लोक हसू लागले तसा मी रंगलो. विंगेत सरदार तलवार आपटत होते. प्रियकर हात वर करून अवघडला होता. ओठ न हलवता म्हणाला, "मार ना बाबा आता." मी शेवटचं वाक्य टाकलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, मी मुजरा केला आणि आत गेलो.

"गोळी?" सरदारांनी माझा दंड धरला.

परत जाऊन टाळ्यांवर पाणी टाकायला मी काही खुळा नाही. तिकडे प्रियकराने थोडी वाट पाहिली, छातीला हात लावला आणि स्वतःहून मेला. हॉटेलातला माणूस, कोणाला ताटकळत ठेवत नाही. सरदार बाहेर गेले आणि 'माझ्या शिपायाच्या गोळीने' म्हणाले, तेव्हा हॉलमध्ये असा हशा पिकला की वाढीव भाषण त्यांना अर्ध्यावर सोडावं लागलं.

ते अजून सांगत फिरतात की शिपाई गोळी विसरला. त्या भाषणासकट एक तरी तालीम घेतली असती, तर गोळी कुठे येते हे माझ्या अंगवळणी पडलं असतं. मेव्हणा शहाणा. तो म्हणाला, एवढं ऐकून घेतल्यावर माणूस तसाही जगला नसता.