सातवा अडथळा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ही बाई शंभर मीटर अडथळ्यांची शर्यत पळते, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नसे. वय एकोणतीस. तिच्या प्रशिक्षक सरांनी स्पष्टच बजावलं होतं, "यंदा निवडीत पहिल्या तिघींत आलीस तर संघात. नाहीतर तुझी जागा नव्या मुलींना." गेल्या वर्षी सातव्या अडथळ्यात पाय अडकून ती तोंडावर आपटली होती, मनगट मोडून घेतलं होतं. ते मी कधीच विसरले, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची.

कामावरून आली की ती स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसायची, डोळे मिटायची आणि मनातल्या मनात शर्यत पळायची. एका हातात स्टॉपवॉच. दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक अडथळ्याला टेबलावर टक्! मैदानावर तिला पंधरा सेकंद लागत, खुर्चीत ती चौदात पोचे. स्वारी भलतीच खूश.

"आई, मन तयार आहे. आता पायांनी नुसतं ऐकायचं!"

समोर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. वर्गात कुणी अक्षर खाल्लं तर त्यांना पाठमोरं असतानाही कळायचं.

"अडथळे किती असतात गं?"

"दहा."

"मग नऊच कसे वाजतात? रोज ऐकतेय मी. सहाव्यानंतर एक खातेस तू."

सुनेने पुन्हा पळून पाहिलं. सहा वेळा टक्, आणि मन थेट आठव्यापाशी. तिचा चेहरा खर्रकन उतरला. भीती गेली म्हणून ती वर्षभर मिरवत होती आणि भीती घरातच मजेत नांदत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"त्यात काय एवढं? मुली ज्या अक्षराला अडायच्या तेवढंच मी शंभरदा टाइप करायला लावायचे," सासूबाई म्हणाल्या. "मीट डोळे."

महिनाभर ती खुर्चीत फक्त सातवाच अडथळा पळली. आधी रोज पडायची, बसल्याजागी घाम फुटायचा. मग पाय लागलाच तर तोल कसा सावरायचा, हात कुठे, पुढची तीन पावलं कशी टाकायची, तेही पाहून ठेवलं. हळूहळू सगळी शर्यत दहा टकटकींची झाली, आणि वेळ पंधरावर आली.

"मंदावलीस की!" नवऱ्याने चिडवलं.

"आत्ता कुठे खरी पळतेय," ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी सहावा सुरेख गेला आणि सातव्याला मागचा पाय धाडकन लागला. अडथळा आडवा झाला. ती डगमगली, पण हे तिने खुर्चीत कितीदा तरी पाहिलं होतं. एक, दोन, तीन पावलं, आठवा. पुढचं सगळं तिने दात-ओठ खात काढलं. छातीभर अंतराने तिसरी आली.

सर धावत आले. "अगं, सातवा पाडलास तू!"

"हो ना," धापा टाकत, हसता हसता रडत ती म्हणाली, "यंदा तो पडला, सर. मी नाही."