मीठ हातात असताना

मी आयुष्यभर दवाखान्याची जीप चालवली, लिहिणं माझं काम नव्हे. पण तामारबाईंविषयी कुणी काही लिहिलेलं दिसत नाही, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर मीच होतो.

तामार रोहेकर या रोह्याच्या दवाखान्यातल्या नर्स. त्या ज्यू; घरची माणसं एकेक करून इस्रायलला गेली. या मागे राहिल्या, कारण वरच्या पदवीसाठी त्यांचं संशोधन चाललं होतं: मिठागरांवरच्या गरोदर बायकांची तब्येत. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. सकाळी वडखळ ओलांडलं की धुक्यात मिठाच्या राशी जमिनीपासून सुटलेल्या वाटत. बाया डोक्यावर पाट्या घेऊन त्यांच्यामधून तरंगत आल्यासारख्या येत. मला अजूनही ते स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं.

बाई प्रत्येकीला विचारीत, "घरात तुझी काळजी कोण घेतं?" नवरा, सासू, आई अशी उत्तरं येत. सगुणा नावाची एक म्हणाली, "हौसा."

"हौसा कोण गो?"

सगुणाने बांधाकडे बोट दाखवलं. तिथे एक उंच बाई फळीने मीठ ओढत होती. "ती. माझी हाय ती."

दोघींचा जीव सगुणाच्या लग्नाआधीपासून एकमेकींवर. नवरा दुसरी करून निघून गेला, तेव्हा हौसाने पोटुशी सगुणाला आपल्या झोपडीत आणलं. पलीकडून मीठ भरणारा कान्हू ओरडला, "बाय, घोवाचं नाव लिवा, हौसाराव!"

"तुझ्या बायकोला इचार," हौसा मान वर न करता म्हणाली, "तिलाबी असाच घोव हवा हाय!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या सगुणाच्या पायावर अंगठा दाबून बघत होत्या. अंगठा काढला तरी खळगा भरत नव्हता.

"मीठ कमी खातेस ना?"

"व्हय," सगुणा म्हणाली.

"नाय," हौसा म्हणाली. "चोरून सुकट खाते. माझा हात मिठात हाय, मिठाच्या हातानं आमच्यात खोटं नाय बोलत."

परतताना बाई म्हणाल्या, "दादा, माझ्या संशोधनात या घराला जागाच नाही." मी जीप चालवत राहिलो.

फाल्गुनात सगुणाचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रक्तदाब पाहून बाईंचा चेहरा उतरला. लगेच न्यायला हवं, नाहीतर दोन्ही जीव हातचे जातील, असं त्यांनी मला बाजूला सांगितलं. पण सगुणा उठेना. आधी एका दवाखान्यात हौसाला नात्याची नाही म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं. "हौसा भायेर, तर मीबी भायेर."

बाईंनी तिला आत ठेवायचा शब्द दिला आणि हौसा वाफ्यातून तशीच जीपमध्ये चढली. वाटेत बाईंनी तिला पढवलं, "विचारलं तर बहीण म्हण." हौसाने मान हलवली. धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसमागून आम्ही रोह्यात शिरलो.

वॉर्डच्या दारात मोठ्या सिस्टरनी विचारलं, "तू कोण लागतेस हिची?"

हौसाने तोंड उघडलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत मीठ सुकून पांढरं झालं होतं.

"भन नाय," ती हळूच म्हणाली. "आमचा दोघींचा संसार हाय. तिचं माणूस मीच."

सगुणा स्ट्रेचरवर उठून बसू लागली. बाई पुढे झाल्या. "ती खरं बोलते, सिस्टर. खोटं मी शिकवलं होतं."

सिस्टरनी हौसाच्या हातांपासून पायांपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ते हात धू आधी. आणि चपला बाहेर."

दुपारी मुलगी झाली. सगुणाचे डोळे हळूहळू निवळले.

बाईंनी पुढे संशोधन वाढवलं. दोन बायका किंवा दोन पुरुष संसार करतात, त्यांच्या दुखण्याखुपण्यात, बाळंतपणात कोण असतं, त्यांचं मन कसं राहतं, हे त्या घरोघर विचारू लागल्या. मार्गदर्शक बरेच दिवस कुरकुरत होते म्हणे.

सगुणासाठी बाईंनी एलियाहू हन्नबीला, त्यांच्या धर्मातल्या संदेष्ट्याला, नवस बोलला होता. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात मलिदा घेऊन आल्या, गोड पोहे, नारळ, फळं. "पहिला मान घरच्यांचा," म्हणत त्यांनी हौसाच्या ओंजळीत दिला.

हौसाने तो चाटूनपुसून खाल्ला आणि चिकट हात मोठ्या सिस्टरपुढे धरले. "आता हात गोड झाले. आता इचारा, सिस्टर. भन बोलते."

"बोलून तर बघ," पाळण्याला झोका देत सगुणा म्हणाली.