विमानातली कॉफी

आज कात्रजच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर कॉफी सांडली. त्या करपट वासानं फार वर्षांपूर्वीचा दिल्ली-पुणे विमानप्रवास आठवला.

शेजारी माझे साडू होते. पुढे हवा खराब आहे, पट्टे बांधा, अशी सूचना झाली. हवाई सुंदरी, एक मराठी मुलगी, ट्रॉली घाईनं मागे नेत होती.

"ओ मॅडम, कॉफी देऊन जा. फुकट बसलो नाही आम्ही," साडू गुरकावले.

ती थांबून कप भरू लागली, तोच विमान धाडकन खाली गेलं. ती उडून छतावर आपटली आणि मधल्या वाटेत कोसळली. घोट्यापासून पाऊल भलतीकडेच वळलं होतं. ओठ पांढरेफटक पडले होते, तरी तिनं विचारलं, "सर, आपल्याला लागलं नाही ना?"

"शर्टाची वाट लावलीत!" साडू म्हणाले.

तेव्हा मला तिच्या सौजन्याचं कौतुक वाटलं होतं. आता कळतं, नोकरी जाईल या भीतीनं ती विचारत होती.

साडू अजूनही लग्नकार्यात सांगतात, आपण मरणाच्या दारातून परत आलो. पट्टा आवळून बसलेला हा वीर जागचा बोटभरही हलला नव्हता.