ज्याच्या त्याच्या कपाखाली

मॅडम दारात उभ्या होत्या, आनि मी शेवटचा कप टेबलावर ठेवून हात मागं घेतला, आनि तवाच, बाप्पा, तवाच माह्या ध्यानात आलं का मी काय करून बसली. दहा चिठ्ठ्या, दहा कप. ज्याची चिठ्ठी त्याच्याच कपाखाली. वरून पंखा गरगरा फिरून राह्यला होता, चिठ्ठ्याइचे कोपरे फडफड करत होते, आनि माही पोट्टी टेबलाखाली ओल्या फ्राकात बसून फरशीवर पाय आपटत होती.

"हे काय चाललंय?" मॅडमनं इचारलं.

माह्या तोंडातून एवढंच निघालं, "थांबा मॅडम, फरशी ओली हाये, घसरसान!"

त्या थांबल्या आनि सँडल काढाले वाकल्या. मले तेवढाच येळ भेटला. पन तेवढ्यात मी काय केलं ते मागून सांगते, आधी हे सांगतलं पाह्यजे का त्या चिठ्ठ्या कायच्या होत्या, नाहीतं तुमाले वाटन का ही बाई एवढी कायले घाबरली.

मी यवतमायात एका सॉफ्टवेअर कंपनीत हाये. असं सांगतलं का लोकं माह्याकडे वरून खालपर्यंत पाह्यतात. आमच्या बोरी अरब गावच्या बाजारात माह्या मामीनं साऱ्याइले सांगून टाकलं का आमची भाची कंपुटरवर बसते. मी कंपुटरवर बसत नाही, मी कंपुटर पुसते. झाडू, फरशी, चहा, डबे गरम करून देनं, हे माहं काम. नववीची परीक्षा झाली नाही तं लग्न झालं, आता पोट्टी अडीच वर्षाची हाये. तिले मी संग आनत होती. आमची खोली रस्त्याले लागून हाये, कापसाचे ट्रक जातात, एकडाव मी भांडे घासत होती तं ही रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली होती. तवापासून माहा जीव ठिकान्यावर नाही. मॅडमले मी रडून सांगतलं, त्याइनं सराइले फोन करून परवानगी घेतली. म्हनून मॅडमचे माह्यावर उपकार हायेत, हे मी आधीच सांगते. सर म्हंजे कंपनीचे मालक, ते पुन्याले राह्यतात, महिन्यातून एकडाव येतात. बाकी दिवस मॅडमच साऱ्याइले पाह्यतात.

पयल्या हप्त्यात माह्याकडून चहाचा लय घोटाळा झाला होता. बिनसाखरेचा चहा मी साखरवाल्याले दिला, कॉफीवाला तसाच बसून राह्यला. तवा एका दादानं सांगतलं, "ताई, तू असं कर, आमाले चिठ्ठीवर लिहाले लाव." आता पाहा, ते दादा माह्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मले ताई म्हनतात. तिथे सारेच म्हनतात. तवापासून रोज सकाळी जो तो कागदाच्या तुकड्यावर लिहून ट्रेमधी टाकते. मी चहा करते, चिठ्ठी ओट्यावर ठेवते, त्याच्यावर त्याचा कप, कप जो तो आपल्या घरून आनते, आनि मंग नेऊन देते. नाव कोनी लिहत नाही. कायले लिहन? दोन हप्त्यात मले साऱ्याइचं अक्षर पाठ झालं.

तं झालं असं का सराइनं फोनवर सांगतलं, आपल्या कंपनीत काम करताना काय आवडते आनि काय नाही आवडत ते साऱ्याइनं चिठ्ठीवर लिहा, नाव नका लिहू, शनिवारी मी येतो आनि सारे मिळून वाचू. मॅडमनं मिठाईच्या डब्याले चमकी कागद लावला, वरून फट पाडली आनि डबा चहाच्या ओट्याजवळ ठेवला.

मले तं त्या डब्याचं येडच लागलं. खरं सांगू? मले कवाचं इचारावं वाटत होतं का या लोकाइले न आवडासारखं काय असन! एसीची थंड हवा, फिरती खुर्ची, हात मळत नाहीत. माहा नवरा कापसाच्या जिनिंगमधी कामाले जाते, घरी आला का भुवया पांढऱ्या, नाकात कापूस, अर्धा घंटा खोकलते. आनि हे लोकं एवढ्या गारव्यात बसून तोंड पाडून काहून बसतात? एक ताई तं दुपारी बाथरूममधी रडून येते आनि पानी मारून पुन्हा बसते. मी तिले एकडाव इचारलं, "काय झालं व ताई?" ती म्हने, "काही नाही, एक गोष्ट चालून नाही राह्यली." कोनती गोष्ट चालत नाही ते मले काय समजनार?

शुक्रवारी सकाळी, कोनी याच्या आधी, मी ओटा पुसाले डबा खाली ठेवला, आनि पोट्टीनं बकेट सांडवली. फिनाइलचं सारं पानी डब्यात. कागदाचा डबा, त्याचा लगदाच झाला. मी धावली, चिठ्ठ्या काढल्या, एकेक सोडवून मोठ्या टेबलावर पसरवली, पंखा लावला. पंख्यानं उडाले लागल्या. वजनाले कप आनले. आनि हात आपल्या सवयीनं चालला. चिठ्ठी पाह्यली, अक्षर पाह्यलं, कप ठेवला. चिठ्ठी, कप. चिठ्ठी, कप. माह्या मनात काही नव्हतं, माह्या मनात फक्त वाचाचं होतं.

हो, मी वाचल्या. पाप असन तं असो. दोन चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या, त्या सोडून दिल्या. बाकीच्या हयूहयू जोडून जोडून वाचल्या.

एकानं लिहलं होतं, आवडतं: आईच्या हातचा डबा मिळतो, आधी पुण्यात एका खोलीत चौघे राहायचो. नाही आवडत: घरच्यांना वाटतं मी बसूनच असतो, म्हणून गॅसचं सिलिंडर आणायला मलाच पाठवतात. मी एकटीच हासली. एकानं लिहलं, स्क्रीनवर नावापुढे हिरवा ठिपका असतो, पाच मिनिटं उठलं की पिवळा होतो, लघवीला गेलं तरी पिवळा. मले ते खरंच वाटेना. आमी लोकाइच्या वावरात निंदाले जाऊ तवा मालकीन बांधावर बसून राहे, पन तिलेबी कवा कवा झोप लागे. हा ठिपका तं झोपतच नसन.

एकानं लिहलं, ज्यांचं काम करतो त्या तिकडच्या देशाच्या सुट्ट्या आम्हाला मिळतात आणि पोळ्याला काम असतं. कोनी लिहलं, आता कंपुटर स्वतःच प्रोग्राम लिहायला लागला, उद्या आपण कशाला लागू? रडनाऱ्या ताईची चिठ्ठी तं मी दोनडाव वाचली. आवडतं: दोन दिवस अडकलेलं काम एकदम सुटतं, तेव्हा खिडकीतून ओरडून सगळ्यांना सांगावं वाटतं. नाही आवडत: घरी सांगितलं तर कोणाला समजत नाही. मले वाटलं का जाऊन म्हनावं, मले सांगत जा, मले समजनार नाही पन मी आयकीन.

एकानं आवडतंमधी फक्त "चहा" लिहलं होतं. कोनी लिहलं ते मी सांगत नाही.

मंग त्या दादाची चिठ्ठी आली, ज्याइनं मले ताई म्हनाले सुरुवात केली त्या दादाची. ते महागावकडचे हायेत, साऱ्यात जुने. अक्षरावर वरची रेघ ते मारतच नाहीत, रोजचं "अर्धा कप बिनसाखर" मी डोये मिटून ओयखीन. माह्या पोट्टीले ते कागदाच्या मागून मांजर काढून देतात, मांजराले मिशा एका बाजूनंच. त्याइनं लिहलं होतं:

आवडतं: घर जवळ आहे. नाही आवडत: आम्ही केलेलं काम मॅडम स्वतःच्या नावाने वर पाठवतात. आणि चहाच्या खोलीत लहान मूल असतं, फोनवर बोलताना मागून रडण्याचा आवाज जातो. हे ऑफिस आहे की अंगणवाडी?

माहे कान गरम झाले. मी पुन्हा वाचलं. मांजर काढनारा हात तोच, अक्षर तेच. मले राग आला, लाज आली, आनि खरं सांगाचं तं माह्या मनात हेबी आलं का चूक काय लिहलं त्याइनं, रडते तं खरंच. मी त्याइचा स्टीलचा कप जरा आपटूनच ठेवला चिठ्ठीवर. आनि मान वर केली तं मॅडम दारात.

आता पुढचं. मॅडम सँडल काढून राह्यल्या तेवढ्यात मी ट्रे ओढला आनि सारे कप धडाधड उचलले. उचलल्याबरोबर पंख्यानं चिठ्ठ्या उडवल्या. एक खिडकीले, एक पान्याच्या फिल्टरमागं, दोन पोट्टीच्या डोक्यावर, ती टाया वाजवाले लागली. एक चिठ्ठी मॅडमच्या पायाशी गेली. त्याइनं ती उचलली आनि वाचली. त्याइचं तोंड पाहून मले समजलं का कोनती हाये.

"यावर कोणता कप होता?"

"कप तं वजनाले होते मॅडम. उडू नये म्हनून."

"बरोबर एकेकावर एकेक?"

"दहाच होत्या ना."

"मला शिकवू नकोस. रोज सगळ्यांच्या चिठ्ठ्या तूच वाचतेस." मंग त्याइचा आवाज एकदम नरम झाला, त्याचंच मले जास्त भेव वाटलं. खाली बसल्या, पोट्टीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बघ, तुझ्या पोरीबद्दलपण लिहिलंय. मी सरांशी भांडले होते तुझ्यासाठी. नाव सांग. मी त्याच्याशी बोलून मिटवते, तुझी पोरगी इथेच राहील. नाहीतर मला तिचं काही करता येणार नाही."

"मले नाही आठवत, मॅडम."

"उद्यापर्यंत आठव."

त्याइनं ती चिठ्ठी घडी करून पर्समधी ठेवली. बाकीच्या नऊ नवीन डब्यात टाकल्या.

घरी नवऱ्याले सांगतलं. तो म्हने, "सांगून टाक ना! तो तुह्या लेकराले हाकलाले निंगाला, आनि तू त्याले वाचवतं?"

"तसं नाही हो. नाव लिहू नका म्हनून सांगतलं होतं त्याइले."

"मंग तूनं वाचलंच कायले?"

मी त्याच्या ताटात भाकर वाढली.

शनिवारी सर आले. मोठ्या टेबलाभोवती सारे बसले, सर एकेक चिठ्ठी वाचत गेले. गॅस सिलिंडरवर सारे हासले. ठिपक्याच्या चिठ्ठीवर कोनी हासलं नाही, सराइनं वहीत लिहून घेतलं. मी चहा देऊन राह्यली होती आनि दादाकडे पाहून राह्यली होती. ते वाट पाहत होते. दर चिठ्ठी उघडली का त्याइचा अंगठा टेबलावर थांबे. शेवटची चिठ्ठी संपली तं सर म्हने, "नऊच? दहा जण आहात ना?"

सारे एकमेकाइकडे पाहाले लागले. दादा कसे बोलनार? बोलले तं समजलंच असतं का कोनती गेली.

मॅडम म्हनल्या, "डबा भिजला होता सर, ताईकडून. एखादी खराब झाली असेल." आनि माह्याकडे पाह्यलं. रागानं नाही. जसं इचारून राह्यल्या होत्या, आठवलं का?

"हो का ताई?" सराइनं इचारलं.

दादाबी पाहून राह्यले होते. माह्या हातात किटली होती. दोनच वाक्यं होती माह्या तोंडात. एक मॅडमच्या पर्सचं आनि एक दादाच्या नावाचं. मी दोन्ही गिळले.

"हो सर," मी म्हनलं, "माह्या पोट्टीनं बकेट सांडवली. एक चिठ्ठी पार विरली."

सर रागावले नाहीत. लय शांतपनानं म्हने, "ताई, इथे सगळीकडे वायर आहेत, पाण्यामुळे तिला काही झालं असतं तर? सोमवारपासून तिला घरीच ठेव, हं?"

आता पोट्टी शेजारच्या आजीजवळ राह्यते. आजी दुपारी झोपते. मी दर अर्ध्या घंट्यानं फोन लावते, पाच रिंग वाजेपर्यंत माह्या डोयासमोर फक्त रस्ताच दिसते. मॅडम माह्याशी पयल्यासारख्याच बोलतात, त्याइनं पुन्हा इचारलं नाही. मले ते जास्त जड जाते.

त्याच सोमवारी दादा चहाच्या खोलीत आले, दार अर्धं लोटलं.

"ताई, जी विरली ना, तिच्यावर काय लिहलं होतं, वाचलं होतं का तू?"

"मले कुठे एवढं वाचता येते, दादा."

मंग म्हने, "पोरगी आता नाही येनार का?" मी म्हनलं, नाही. ते दार पुरं उघडून तसेच गेले.

त्याइले समजलं का नाही, मले माहीत नाही. मी त्याइले सांगाले पाह्यजे होतं का चिठ्ठी विरली नाही, पर्समधी हाये? का मॅडमले नाव देऊन लेकरू जवळ ठेवाले पाह्यजे होतं? मी तं दोन्ही केलं नाही, आनि तिकडे आजीचा फोन अजून वाजूनच राह्यला हाये. तुमी माह्या जागी असते, हातात किटली, समोर ते तिघं, तं तुमी काय केलं असतं?