दोन कॉलम श्रद्धांजली

"हा मी," समोरचा माणूस म्हणाला आणि त्याने आमचाच पेपर माझ्या टेबलावर ठेवून फोटोतल्या चेहऱ्यावर बोट टेकवलं.

फोटोवर मथळा होता: लोकलमधून पडून प्रवाशाचा मृत्यू. खालची बातमी मी लिहिली होती. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये रुळालगत एक पुरुष मृतावस्थेत सापडला, ओळख पटलेली नाही, एवढीच. फोटो मी लावला नव्हता. पण तक्रार घेऊन येणाऱ्याला हे सांगून उपयोग नसतो.

मी अर्धवट उठले. "बसा ना," म्हटलं. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे मला कळलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरच्या त्या मराठी पेपरात मला घेतलं, कारण रेल्वेच्या प्रेस नोट्स इंग्रजीत येत आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यांचं मराठी करायचं, गाड्यांच्या बातम्या लिहायच्या, हे माझं काम. माझे काही मराठी उच्चार ऐकून छापखान्यातल्या फोरमनला हसू यायचं. म्हणून मी लिहायचे जास्त, बोलायचे कमी. दुपारचा डबाही टेबलावरच खायचे, पुढ्यात प्रूफं ठेवून, म्हणजे एकटी बसलेय असं दिसत नाही.

फोटोचं आमच्याकडे असं होतं. तेव्हा फोटो छापायला ब्लॉक लागायचा. म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर उठवलेला फोटो, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला. तो करून घ्यायला वेळ जायचा. म्हणून आमच्याकडे रेल्वेचा एकच ब्लॉक होता, काही वर्षांपूर्वीचा: अंबरनाथ स्टेशनात शिरणारी लोकल, दारात लटकलेली माणसं. त्यात एकच चेहरा स्पष्ट आला होता. चाळिशीतला, हसणारा. भाडेवाढ असो, गाडी रद्द असो, गर्दी असो, हाच फोटो.

मी एकदा संपादकांना विचारलं होतं, "साहेब, आपण दरवेळी लटकलेलीच माणसं का दाखवतो?"

"अगं, आपला पेपर घेतं कोण? स्टेशनच्या स्टॉलवर उभा असलेला माणूस. त्याला स्वतःला बघायला आवडतं."

या वेळी बातमी मृत्यूची होती. फोटोखाली 'संग्रहित' अशी ओळ असायची, ती जागा कमी पडली म्हणून मशीनवर जाण्याआधी काढून टाकली गेली. उरला मथळा आणि हसणारा चेहरा.

"माझं नाव कदम," तो माणूस म्हणाला. "बदलापूरला, मांजर्लीत राहतो. मी भांडायला नाही आलो, मॅडम. एकच विचारायचंय. इथे कोणी आलं होतं का? माझी चौकशी करायला?"

"नाही."

"फोन?"

"नाही आला."

त्याने मान हलवली. मग सांगायला लागला. तो फिटर. कंपनी चालू होती तेव्हा रोज सकाळची एकच गाडी, एकच डबा, एकच ग्रुप. पेपर एक जण घ्यायचा, पानं सुटी करून सगळ्यांत वाटली जायची. मग कंपनीला टाळं लागलं. पास संपला, तो परत काढला नाही. बायको आधीच गेलेली. गाडी सुटली तशी माणसंही सुटली.

"पण पेपर ते अजून तोच घेतात," तो म्हणाला. "काल वाचला असणारच. माझा फोटो, वर मेल्याची बातमी. कोणीतरी येईल की नाही?"

"तुम्हीच स्टेशनवर गेलात तर?"

"जाऊन काय सांगू? मी मेलो नाही म्हणून?" तो हसला. फोटोतलं हसू तेच होतं, गाल मात्र उतरले होते. "तुम्ही खुलासा छापणार ना? दोन दिवस थांबा. बघू तरी कोण येतं."

खुलासा म्हणजे पेपराने स्वतःची चूक कबूल करणारा मजकूर. तो दुसऱ्याच दिवशी जायला हवा, असा नियम. मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"माणूस स्वतःच्या मरणाची बातमी चालू ठेवा म्हणतो?" त्यांनी चष्मा काढला. "आणि जो खरोखर मेला त्याचं काय? त्याच्या घरचे दुसऱ्याचा फोटो बघून गप्प बसतील."

हे मला सुचलं नव्हतं. मी रेल्वे पोलिसांना फोन लावला. मृताचे नातेवाईक त्याच सकाळी येऊन ओळख पटवून गेले होते, पार्थिवही घेऊन गेले होते. मी परत आत गेले आणि सांगितलं.

"मग ओळख पटल्याची बातमी आणि खुलासा दोन्ही उद्या."

"खुलासा सोमवारी, साहेब."

मी त्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाटच बोललं.

"सोमवारी. पण तोवर कोर्टाची नोटीस आली तर उत्तर इंग्रजीत तू लिहायचं."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, काउंटरवर आवाज वाढले. काउंटर लछमनभाईंचा. छोट्या जाहिराती ते घेत, सिंधी वळणाच्या हिंदीत. समोर चष्मा लावलेले, हातात ऑफिसची बॅग घेतलेले एक गृहस्थ. नाव शिर्के.

"श्रद्धांजली द्यायचीय. दोन कॉलम. फोटोसकट."

"नाम बोलो."

"सिग्नल."

"अरे साहब, मरनेवाले का नाम पूछता हूँ."

"तेच सांगतोय. आम्ही सिग्नलच म्हणायचो. दारात उभा राहायचा, गाडी थांबली की बाहेर वाकून बघायचा. सिग्नल मिळाला की आत ओरडायचा."

"सरनेम?"

शिर्के घुटमळले. "मराठी होता."

"मराठी तो आधा अंबरनाथ है. पता?"

"बदलापूर. पश्चिमेला कुठेतरी. त्याला आमचं सगळं माहीत होतं हो. माझ्या मुलीचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं विचारायचा. आम्ही त्याला..." ते मध्येच थांबले. "यायचा बंद झाला तेव्हा वाटलं, गाडी बदलली असेल."

त्यांनी पाकिटातून आमच्याच पेपरातला फोटो काढला. नीट कापलेला. "हाच छापा."

"बिना नाम का श्रद्धांजली कैसे छापूं? कल को दस लोग बोलेंगे, सिग्नल हमारा था."

मी उठून काउंटरपाशी गेले. "त्यांचं नाव कदम," मी म्हणाले. "ते जिवंत आहेत."

दोनदा सांगावं लागलं. शिर्के बाकावर बसले.

"काल आम्ही डब्यात त्याच्या नावाने भजन केलं," ते म्हणाले. "दाराच्या दांड्याला हार घातला. दोघं जण रडले." मग चेहरा लाल झाला. "जिवंत माणसाला मारता? डोकं ठिकाणावर आहे का तुमच्या पेपराचं?"

सगळं मी ऐकून घेतलं. त्यांचं बोलून झाल्यावर चिठ्ठीवर मांजर्लीचा पत्ता लिहून दिला.

"जाल ना? ते वाट बघताहेत."

त्यांनी घड्याळ पाहिलं, चिठ्ठी खिशात घातली. "उद्या बघतो. नाहीतर तुम्हीच सांगा, सोमवारी गाडीला ये म्हणावं." आणि ते गाडी पकडायला धावले.

रविवारी दुपारी मी मांजर्लीला गेले. असं कोणाच्या घरी जाणं माझ्या स्वभावात नाही. पण शिर्के गेले असतील याची खात्री वाटेना.

कदमांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी आधी माझ्या पाठीमागे जिन्यात पाहिलं.

"एकट्याच आलात?"

ओट्यावर कप धुवून पालथे घातले होते, एकट्या माणसाला लागतील त्याहून बरेच जास्त. मी सगळं सांगितलं. भजन, हार, नाव माहीत नसणं, सोमवारी गाडीला ये हा निरोप.

"नाव..." ते आठवू लागले. "त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गरजच पडली नाही कधी." मग म्हणाले, "जाहिरात केवढी देणार होते?"

"दोन कॉलम."

"दोन?" त्यांचा चेहरा उजळला. "फोटोसकट?"

"फोटोसकट."

त्यांनी दोन कप सरळ केले आणि चहा टाकला. मी निघेपर्यंत आणखी कोणी आलं नाही.

सोमवारी खुलासा आतल्या पानावर गेला, चार ओळींचा. संपादक म्हणाले, "बरं झालं, कोणी वाचला नाही." त्याच सकाळी कामावर जायला मी नेहमीसारखी अंबरनाथच्या प्लॅटफॉर्मवर बायकांच्या डब्याच्या जागी उभी होते. बदलापूरहून गाडी आली. पुरुषांच्या एका डब्याच्या दारात कदम होते. आतल्या कोणीतरी त्यांचा दंड धरला होता, पाठीवर थापा पडत होत्या. गाडी उभी राहिली. थोड्या वेळाने ते बाहेर वाकले आणि आत वळून जोरात ओरडले. डब्यात हशा झाला.

मंगळवारी ते दारात नव्हते. बुधवारीही नव्हते. साहजिक होतं. भेट झाली तरी कंपनी बंदच होती, आणि काम नसलेला माणूस रोज तिकीट काढून कुठे जाणार?

त्यानंतर गाड्यांच्या बातम्या लिहिताना मला एवढं कळलं: आमचे वाचक एकमेकांच्या खांद्यावरून पेपर वाचतात, पण खांदा कोणाचा हे त्यांना ठाऊक नसतं. पेपरालाही नसतं.

त्याच आठवड्यात मी गाडीत नेहमी शेजारी बसणाऱ्या बाईंना आपणहून माझं नाव सांगितलं. दीड वर्ष आम्ही शेजारी बसत होतो.

"हो का?" त्या म्हणाल्या. "तुमचा पेपर झाला असेल तर द्या ना जरा."

मी दिला.