मॉरिसच्या नाकाला वाळ्याची ताटी

भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही नंदनवन वस्तीतल्या त्या घराची जुनी रीत. त्यामुळे रुपरावांचा जयवंतावरचा सगळा राग आधी म्हाताऱ्या पार्वतीबाईंच्या कानातून जायचा. जयवंता दोन हातांच्या अंतरावर उभी असायची आणि रुपराव आईकडे तोंड करून म्हणायचे, "आई, तिले सांग, ते डबडं भंगारात दे मनावं."

डबडं म्हणजे चोपन्न सालची मॉरिस मायनर. जयवंताचे वडील रामाजी इतवारीत, उन्हाळ्यात गारव्यासाठी खिडक्यांना लावायच्या वाळ्याच्या ताट्या बांधायचे. म्हातारपणी त्यांनी एका डॉक्टरची ही जुनी गाडी घेतली, टपावर ताट्या लादून बंगल्याबंगल्यांवर पोचवल्या आणि एकुलत्या एका लेकीला गाडी चालवायला शिकवलं. ते गेले आणि गाडी लेकीकडे आली. बहात्तर साली डोक्यावर पदर घेऊन मोटार हाकणारी सून म्हणजे रुपरावांच्या नाकाला मिरचीच.

त्यात सगळे देवदर्शनाला निघाले असताना रामटेकच्या गडाची चढण आडवी आली. गाडीनं अर्ध्यात दम सोडला आणि रुपरावांना धोतर सावरत ओळखीच्या लोकांसमोर गाडी ढकलावी लागली. घरी येताच फर्मान निघालं. पुढच्या मे महिन्यात आईचा नवस फेडायला पुन्हा जायचं. एक माणूस जरी चढणीवर खाली उतरला, तरी गाडी भंगारात. जयवंताचा नवरा विश्वनाथ खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. तिथली मोठाली यंत्रं तो सांभाळायचा, पण मोठ्या भावापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. जयवंतानं आत जाऊन चार भांडी आपटली आणि ठरवलं, चढवूनच दाखवायची.

सक्करदऱ्याच्या नत्थू मिस्त्रीनं उपाय सांगितला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, काढून खालून थोडं घासायचं. आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि भडका जोरात होतो.

"थोडं काहून? अजून घास," जयवंता म्हणाली.

"ताई, जास्त नोको."

"घास म्हटलं ना गा!"

अति तिथे माती. फेब्रुवारीच्या गारठ्यात गाडी अशी उधळली, की जयवंता एकटीच मोठ्यानं हसली. पण एप्रिलचं ऊन तापलं आणि चढावर जोर लावला की इंजिन ठोकायला लागलं, टिनाच्या डब्यात गोटे हलवावेत तसं. तापलेल्या हवेनं पेट्रोल वेळेआधीच पेटत होतं. असंच दामटलं तर पिस्टन फुटणार, असं नत्थूनं सांगितलं. आणि घासलेलं लोखंड काही परत येत नाही.

त्या दुपारी ती खिडकीशी बसून ढसाढसा रडली. बापाची गाडी तिनं स्वतःच्या हावेनं मोडली होती. खिडकीला बापानंच बांधलेली शेवटची ताटी होती. बाहेर अंग भाजणाऱ्या झळा, आणि ओल्या वाळ्यातून आत येणारी हवा मात्र गार. रडता रडता ती थांबली. मग उठली, विळा घेतला आणि ती ताटी कापली.

"इंजिनले कूलर?" नत्थू पोट धरून हसला.

"काहून हासून राहिला गा? गार हवेत माणूस दुप्पट राबते. इंजिन काहून नाही राबणार?"

जिथून इंजिन हवा ओढतं, त्या तोंडाला तिनं ताटीचा तुकडा बांधला. पुढे शेजारी बसणाऱ्या विश्वनाथच्या गुडघ्यापाशी येईल असा पाण्याचा डबा टांगला आणि त्यातून रबरी नळी ताटीवर सोडली. आळीनं नाव ठेवलं, घाम येणारी मोटार.

नवसाच्या दिवशी रुपरावांनी निघायला मुद्दाम उशीर केला आणि रामटेक गाठेपर्यंत भर दुपार झाली. गडाची चढण लागली. पुढे जयवंता आणि विश्वनाथ, मागे पार्वतीबाई आणि मांडीवर पिण्याच्या पाण्याची सुराही घेतलेले रुपराव. वाळ्याचा वास गाडीभर दरवळत होता. मॉरिस गुमान चढत होती. गेल्या वर्षीचं वळण मागे पडलं.

आणि इंजिन ठोकायला लागलं. डबा रिकामा झाला होता.

रुपरावांचा आवाज लगेच खुलला. "आई, तिले सांग, थांबव मनावं. मी उतरतो."

जयवंतानं मागे पाहिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली, आणि घसा ताणून बोलली. "भाऊजी, उतराचं नाही! सुराही द्या इकडे!"

पार्वतीबाईंनी तोंडावर पदर धरला. रुपराव इतके गडबडले, की त्यांनी सुराही दिली. विश्वनाथनं ती डब्यात उपडी केली. ताटी पुन्हा ओली झाली, ठोकणं विरत गेलं आणि गाडी चौघांना घेऊन वर पोचली.

देवदर्शन झालं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गाडीपाशी येऊन रुपराव घसा खाकरत म्हणाले, "आई, तिले सांग, राहू दे मनावं गाडी."

जयवंतानं डोक्यावरचा पदर नीट केला.

"आत्याबाई, भाऊजींले सांगा, गाडी माह्या बापाची हाये. राहू देऊ का मनून मी कोणाले इचारलं नव्हतं."

पार्वतीबाईंनी यावेळी निरोप पोचवला नाही, त्याची गरजच नव्हती. रुपराव नळावर गेले, सुराही काठोकाठ भरून आणली आणि मागे, मांडीवर घेऊन बसले.