माझ्या मिशीतला दौलतचा हिस्सा

सिहोऱ्याहून फोन आला तेव्हा मी आरशासमोर मिशी कातरत होतो. "काका, बाबा गेले," दौलतचा पोरगा म्हणाला. कैची खाली ठेवली. दौलत माझा लहानपणचा सोबती. माझी शाळा तिसरीत सुटली. तो शिकत गेला अन् केरळात समुद्राकाठच्या कारखान्यात लागला. मी भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवली. धातूच्या गोष्टीत या गावात माझा शब्द शेवटचा. आजही आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास दौलत रिटायर होऊन सिहोऱ्याला परतला. माझ्या दुकानात बसून त्याचं एकच पुराण, सेरियम. तिकडच्या वाळूत हा धातू आपल्या भावंड धातूंत असा गुंतलेला असतो की वाळू कॉस्टिकमध्ये शिजवा, तेजाबात विरघळवा, मग एकेकाला वेगळं काढा, तेव्हा कुठं शेवटी विजेच्या भट्टीत धातू निघतो. "नावाले दुर्मिळ, पण जमिनीत तांब्याइतका हाय बे!" अन् म्हणे चाकूनं कापता येतो, घासला तर पेटतो. "धातू हाय का लोणी?" मी भडकलो. "खरं निघालं तं मिशी उतरवून देईन!"

पुढच्या खेपेला त्यानं बाटलीतल्या तेलातून एक करडा तुकडा काढला. हवा लागली की काळवंडतो, म्हणून तेलात. चाकूनं खरंच काप निघाला. "शिसं बी कापते," मी अडून बसलो. आम्हा पितळवाल्यांची रीतच अशी की नवा धातू आला की डोळ्याजवळ धरून कानस मारायची, कीस पाहायचा. पितळ ठिणगी टाकत नाही, मग भ्यायचं कशाला? दौलत "थांब बे, थांब" म्हणेपर्यंत मी कानस ओढलीही... दुकानात दिवाळी झाली! उजवी मिशी चुर्रकन गेली.

बायको बादली घेऊन धावत आली. "काय जाळून राहिले?" दौलत हसता हसता पाण्याच्या पितळी गुंडांच्या ढिगावर आडवा झाला होता. "वैनी, अर्धी शर्त तं धातूनंच वसूल केली!" मी वस्तरा मागितला. शब्द म्हणजे शब्द. त्यानं माझा हात धरला. "राहू दे. डावी तुही. उजवी उगवली का माही. सांभाळ, मी पाह्याले येत जाईन."

अन् येत गेला. चहाच्या आधी माझ्या उजव्या मिशीला पीळ द्यायचा, मग सेरियमचं एखादं नवं काम सांगायचा. लायटरचा दगड, गॅसबत्तीची जाळी, गाडीचा धूर साफ करणं... एकदा त्याच धातूचं फिकट भस्म आणून माझ्या वडिलांच्या आरशाचे ओरखडे त्यानं दुपारभर घासले. चिंचेनं पितळ मीही उजळतो, पण काच? मी तो आरसा खिडकीजवळ उजेडात टांगला.

दहाव्याला नदीवर भाऊबंदांच्या रांगेत मीही बसलो. न्हाव्यानं विचारलं, "बाबा, तुमी कोन लागता?" "सोबती." "मंग मिशी काढू?" "डोकं काढ. मिशीले हात लावशील तं पाह्य! अर्धी त्याची हाय, त्यानं सांभाळाले सांगतली." दौलतचा पोरगा ताज्या टकलावर हात ठेवून खळखळून हसला, मग सगळी रांग हसली.

रोज सकाळी त्याच आरशासमोर बसतो. ओरखडा शोधून सापडत नाही. डावी मिशी मनाला येईल तशी कातरतो. उजवीला मात्र तेल लावतो. आता पांढरी झाली, काळवंडायची नाही... तरी लावतो. दौलतचा माल तेलातच ठेवायचा असतो.